कथकच्या पदवीआधी एका दाखल्यासाठी ५२ दिवस

२०१९ साली बारावी झाल्यावर नृत्य किंवा नाटक यांपैकी एका विषयात पदवी घ्यायचे मी ठरवले, तेव्हा ओळखीच्या प्रत्येकाने मला प्रवेश परीक्षेची धास्ती घातली होती. ती परीक्षा आणि मुलाखत सुरळीत पार पडली, आणि तिच्याविषयी फारसे सांगण्यासारखे काही नाही. मी अडकले ती सांगलीतल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात, कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याच्या माझ्याच नावाच्या एका दाखल्यासाठी. इतकी वर्षे झाली तरी त्या खिडकीची आठवण निघाली की मला संताप येतो, म्हणून ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आधी विषयाच्या निवडीबद्दल सांगते, कारण त्या निर्णयाचा मला आजही अभिमान आहे. मी आठ वर्षांची असल्यापासून कथक शिकत होते आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण परीक्षा उत्तीर्ण झाले होते. दुसरीकडे, सांगलीत वाढलेल्या मुलीला नाटकापासून दूर राहणे अवघडच असते. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी पहिला प्रयोग केला तो याच गावात, आणि ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन आमच्याकडे घरच्या सणासारखा वाटतो. मला दोन्ही हवे होते. मात्र चौकशी केल्यावर कळले की पदवीचा मुख्य विषय एकच असतो आणि दुसरा आपल्यालाच सांभाळावा लागतो. मुंबईत कनक रेळे यांनी उभारलेले नालंदा नृत्यकला महाविद्यालय होते, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात नृत्य आणि नाट्य दोन्ही विषयांची पदवी होती, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग होता, आणि पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीत, नृत्य आणि नाट्य हे तिन्ही विषय एकाच आवारात शिकवले जात होते.

निर्णय झाला तो माझ्या कथकच्या ताईंनी विचारलेल्या एका प्रश्नामुळे. त्या म्हणाल्या, "या दोन्हींपैकी चार वर्षांनी नव्याने काय सुरू करता येईल, ते आधी बघ." मग आम्ही पुढच्या वाटा तपासल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे. त्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, मात्र नाटकांत प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव लागतो. मुंबई विद्यापीठाच्या अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्समधले नाट्यशिक्षणही पदवीनंतरचेच. म्हणजे नाटकाची दारे बावीसाव्या वर्षीही उघडी राहणार होती. कथकचे तसे नसते. तत्कारात, म्हणजे पायांनी ताल वाजवण्यात, पाय तयार होणे, चक्करांमध्ये तोल बसणे, पढंत करताना, म्हणजे नृत्याचे बोल तालात म्हणताना, श्वास न तुटणे, यासाठी अठरा ते बावीस ही वर्षे रोजच्या रियाजाला द्यावी लागतात आणि ती नंतर परत मिळत नाहीत. म्हणून पदवी कथकची, आणि नाट्यविभागाच्या शेजारी राहता यावे म्हणून पुणे, असे ठरले. ज्यांना दोन्ही विषय आवडतात त्यांनी "मला जास्त काय आवडते" यावर महिनोन्महिने झुरत बसण्यापेक्षा "काय पुढे ढकलता येते" हे आधी पाहावे, असे मला मनापासून वाटते.

चूक झाली ती त्यानंतर. पुण्याचा निकाल जुलैत लागणार होता आणि तोपर्यंत हातात काहीच नाही, या काळजीने बाबांनी जूनमध्ये सांगलीतल्या त्या महाविद्यालयात माझा बीएस्सीला प्रवेश घेऊन ठेवला. वर्षाचे शुल्क २८,००० रुपये होते. त्यातला १४,००० रुपयांचा पहिला हप्ता आम्ही भरला आणि खिडकीवर मागितली तशी सगळी मूळ कागदपत्रे देऊन टाकली. गुणपत्रिका पाहून परत मिळाली. कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याचा मूळ दाखला, ज्याला सगळे एलसी म्हणतात, तो मात्र त्यांनी ठेवून घेतला, आणि त्याची पोच आम्ही मागितली नाही. त्या वेळी ते इतके स्वाभाविक वाटले की घरी परतताना आम्ही त्यावर एक शब्दही बोललो नाही.

पुण्यात निवड झाल्याचे कळल्यावर १९ जुलैला, शुक्रवारी, मी प्रवेश रद्द करण्याचा अर्ज घेऊन त्या कार्यालयात गेले. अर्ज वाचून तिथले भाऊसाहेब म्हणाले, "उरलेली फी भरा आणि दाखला घेऊन जा." मला वाटले माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी एकाही तासाला बसले नव्हते, तरी वर्षभराचे पैसे भरल्याशिवाय दाखला मिळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कारण विचारल्यावर सांगण्यात आले की विद्यापीठाकडून माझा कायम नोंदणी क्रमांक आला आहे, तुकडी विनाअनुदानित आहे आणि रिकामी झालेली जागा आता भरणार नाही. त्यांची अडचण मला आज समजते. अशी तुकडी मुलांच्या शुल्कावरच चालते आणि पहिल्या वर्षी गेलेला विद्यार्थी म्हणजे तीन वर्षांचे शुल्क गेले. पण त्या अडचणीची भरपाई म्हणून एखाद्या मुलीचा दाखला अडवून ठेवणे मला तेव्हाही अन्यायाचे वाटले आणि आजही वाटते.

त्या दिवशी मी एक गोष्ट बरोबर केली, ती केवळ आईच्या सांगण्यामुळे. आई पंचायत समितीत नोकरीला आहे. तिने अर्जाच्या दोन प्रती करायला लावल्या होत्या आणि बजावले होते की एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलायचे नाही. तो शिक्का मिळवायला पाऊण तास उभे राहावे लागले. पुढे सगळे काही त्याच शिक्क्यावर उभे राहिले, त्यामुळे या लिखाणातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे ठेवावे: अर्ज दिला, असे नुसते म्हणू नका, शिक्क्याची प्रत घरी आणा.

पुण्यात मला हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश मिळाला आणि मूळ दाखला आणून देण्यासाठी मुदतही मिळाली. वर्ग सुरू झाले होते. तेवढ्यात घरी एका नातेवाइकाने सांगितले की विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये शुल्क परताव्याबाबत आणि मूळ कागदपत्रे न अडवण्याबाबत अधिसूचना काढलेली आहे. बाबांनी ती शोधून छापून आणली. मूळ कागदपत्रे विद्यार्थ्यासमोर तपासून तिथेच परत द्यावीत आणि संस्थेने स्वसाक्षांकित प्रती ठेवाव्यात, असे तिच्यात स्पष्ट लिहिले आहे. परत मिळणाऱ्या शुल्काचे त्या वेळचे प्रमाणही ठरवून दिले होते. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केला तर १०० टक्के शुल्क परत मिळत होते आणि त्यातून फक्त प्रक्रिया शुल्क कापता येत होते. अंतिम तारखेला १५ पेक्षा कमी दिवस उरले असतील तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८० टक्के. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. आणि त्यापुढे काहीच नाही. लेखी अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत परतावा द्यायचा होता. आमच्या बाबतीत अंतिम तारीख ३१ जुलै होती आणि अर्ज १९ तारखेचा. म्हणजे आम्ही त्यांना उरलेले १४,००० रुपये देणे लागत नव्हतो. तेच आम्हाला १२,६०० रुपये देणे लागत होते.

पंधरावा दिवस ३ ऑगस्टला, शनिवारी आला. मी पुण्याहून रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी खिडकीवर उभी राहिले. "सोमवारी या," एवढेच उत्तर मिळाले. त्या सोमवारपर्यंत कृष्णेचे पाणी शहरात शिरू लागले होते. पुढचे दिवस सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि त्या आठवड्यात नदी ५७ फुटांवर गेली. आमचे घर विश्रामबागच्या बाजूला असल्यामुळे वाचले. गावभागातले मामा आणि त्यांच्या शेजारचे एक कुटुंब आमच्याकडे राहायला आले, आणि मी पुण्याचा वर्ग बुडवून गच्चीच्या जिन्यात, घरातल्या दमलेल्या माणसांची झोप मोडू नये म्हणून घुंगरांशिवाय तत्कार करत राहिले. त्या दिवसांत दाखल्याचा विचार करण्याचीही मला लाज वाटत होती.

पाणी ओसरल्यावर कार्यालय उघडले, तेव्हा त्या खोलीत पाणी शिरलेच नव्हते असे दिसले, तरी प्रत्येक प्रश्नाला "पुरामुळे" हे उत्तर मिळू लागले. तिथल्याच एकाने बाबांना बाजूला घेऊन सुचवले की दाखला पुरात वाहून गेल्याचे प्रतिज्ञापत्र करा, पोलिसांत तक्रार द्या आणि कनिष्ठ महाविद्यालयातून दुय्यम प्रत काढा; आत्ता कोणी विचारणार नाही. बाबा दमले होते, त्यांना ते पटू लागले होते. आईने साफ नकार दिला. ज्यांचे सगळे कागद खरोखर चिखलात गेले होते अशी माणसे आमच्याच घरात झोपत होती, आणि त्यांच्या रांगेत खोटे बोलून उभे राहायचे नाही, असे ती म्हणाली. व्यवहाराच्या दृष्टीनेही तो सल्ला घातक होता, कारण खोट्या प्रतिज्ञापत्राचा ठपका माझ्या नावावर बसला असता आणि मूळ दाखला त्यांच्या कपाटात तसाच पडून राहिला असता.

२६ ऑगस्टला आम्ही दुसरे पत्र दिले, या वेळी प्राचार्यांच्या नावे. त्यात पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक, अधिसूचनेची प्रत आणि एकच मागणी होती: दाखला द्यायचा नसेल तर नकार आणि त्याचे कारण लेखी द्यावे. पत्राच्या तळाशी "प्रत माहितीसाठी" म्हणून विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण कक्षाचे नाव घातले आणि ती प्रत खरोखरच टपालाने रवाना केली. तोंडी नकार त्यांनी पाच वेळा दिला होता. कागदावर तो द्यायला कोणीही तयार झाले नाही. गणपतीच्या दिवसांत, ९ सप्टेंबरला, सोमवारी फोन आला की दाखला घेऊन जा. खिडकीवर भाऊसाहेबांनी कपाटातली एक फाईल काढली आणि तिच्यातला पहिलाच कागद माझ्यापुढे ठेवला. तो शोधायला अर्धे मिनिटही लागले नाही. मी बाहेर पायरीवर बसून खूप वेळ रडले, आणि ते रडणे सुटकेचे होते की संतापाचे, हे मला आजही सांगता येत नाही.

१२,६०० रुपये नोव्हेंबरमध्ये जमा झाले. परताव्याच्या अर्जासोबत विद्यार्थ्याच्याच नावाच्या खात्याचा रद्द केलेला धनादेश जोडा. आम्ही बाबांच्या खात्याचा दिला होता आणि त्यावरून तीन आठवडे वाढले. सुरक्षिततेसाठी दुसरीकडे प्रवेश घ्यावाच लागला, तर प्रवेशाची अंतिम तारीख जाहीर करणाऱ्या सूचनेचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवा, कारण आमच्या पैशांचा सगळा हिशेब त्या तारखेवरून झाला आणि ती सूचना नंतर फलकावर सापडत नाही. दाखला देण्यापूर्वी त्याच्या चार झेरॉक्स काढा. मूळ प्रत ठेवून घेतलीच, तर पोच घ्या. आणि गांधर्वची प्रमाणपत्रे असतील तर ती मुलाखतीला न्या. माझ्या मुलाखतीत मध्यमेच्या अभ्यासक्रमावरूनच बोलणे सुरू झाले होते.

१० सप्टेंबरला मोहरमची सुट्टी होती, म्हणून ११ तारखेला मी पुण्यात दाखला जमा केला. तिथल्या बाईंनी तो उलटून पाहिला, नोंदवहीत लिहिला आणि मी मागण्याआधीच शिक्का मारलेली पोच माझ्या हातात दिली. दुपारी तीनतालाच्या पढंतीचा वर्ग होता. पिशवीत घुंगरू होते, मी सरळ तिकडे गेले.