आदल्या दिवशीच्या शुभेच्छा आणि गोळाभात

जर्मनीत वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देत नाहीत. अपशकुन समजतात. ‘उद्या भेट होणार नाही, म्हणून आजच’ असं म्हणत कुणी हात पुढे केला, तर समोरचा माणूस खरोखर दचकतो. उशीर झालेला चालतो. उशिराच्या शुभेच्छांना वेगळा शब्दच आहे, ‘नाखट्रेग्लिश’, म्हणजे मागाहून. लवकर मात्र नाही.

आता माझ्या गावचं, नागपूरचं घड्याळ बघा. डिसेंबरात भारत जर्मनीच्या साडेचार तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. नागपुरातल्या महाल भागात डिसेंबरात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा इथे जर्मनीत आदल्या दिवशीच्या संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. म्हणजे आई, आत्या, मामा, सगळ्यांचे पहिले फोन जर्मन हिशेबानं नेमके अपशकुनी वेळेत येतात. मला त्यात काहीही अशुभ वाटत नाही. माणूस जिथे जन्मला तिथल्या घड्याळानं त्याचा वाढदिवस सुरू व्हावा, हे मला सरळ न्यायाचं वाटतं.

त्यात आपल्या घरांमध्ये तिथीचा वाढदिवस असतो. तारखेला केक, तिथीला औक्षण. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. १९ वर्षांनी सूर्य आणि चंद्र यांचा हिशेब जवळजवळ जुळतो, आणि १९व्या, ३८व्या, ५७व्या वाढदिवसाला तिथी आणि तारीख एकाच दिवशी किंवा एखाद्या दिवसाच्या फरकानं येतात. यंदा माझा ३८वा. जन्माच्या वेळी आकाशात चंद्र जेवढा होता तेवढाच पुन्हा त्याच तारखेच्या आसपास, हे डोक्यात आलं आणि मग दुसरं काही सुचेना.

परदेशात तिथी काढताना एक चूक बहुतेकांकडून होते. नागपूरचं कॅलेंडर पाहून इथली तिथी ठरवता येत नाही. तिथी साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी सुरू होते आणि एकाच क्षणी संपते, पण दिवसाला नाव मिळतं ते त्या गावच्या सूर्योदयाला चालू असलेल्या तिथीवरून. डिसेंबरात नागपूरला पावणेसातच्या सुमारास सूर्य उगवतो. दक्षिण जर्मनीत आठच्या सुमारास, म्हणजे भारतात तेव्हा दुपारचे साडेबारा. तिथी भारतीय वेळेनुसार सकाळी दहाला संपत असेल, तर नागपूरला तो दिवस त्या तिथीचा, पण इथे सूर्य उगवेपर्यंत पुढची तिथी लागलेली. मग इथे ती तिथी बहुतेक वेळा आदल्या दिवशी धरावी लागते. पंचांगाच्या ॲपमध्ये गाव बदलून बघा, फरक लगेच दिसेल. आईला मात्र ॲप दाखवून उपयोग नाही. ती ओवाळेल ती नागपूरच्या तिथीला, आणि तेच बरोबर आहे.

जर्मन लोकांची दुसरी रीत मला मनापासून आवडते आणि तिच्याबद्दल मी जरा जास्तच बोलतो. ज्याचा वाढदिवस, केक त्यानंच आणायचा. ऑफिसात सहकारी तुमच्यासाठी केक मागवत नाहीत. तुम्हीच आदल्या रात्री ओव्हनचा ट्रे भरून भाजता, सकाळी ऑफिसच्या स्वयंपाकघरात ठेवता आणि सगळ्यांना कळवता की केक आहे, या. गाजावाजा नाही, मेणबत्त्यांभोवती टाळ्या नाहीत. लोक येतात, हात मिळवतात, तुकडा घेतात, जातात. जन्मलेल्या माणसानं खाऊ घालायचं. ‘तुम्ही होतात म्हणून मी इथवर आलो’ हे तोंडानं म्हणायची गरज उरत नाही.

आपल्याकडे हे नाही असं मात्र कुणी म्हणू नये. नागपूरच्या कुठल्याही शाळेत वाढदिवसाचं पोरगं नवे कपडे घालून, चॉकलेटांची पिशवी घेऊन वर्गात येतं आणि वाटतं. बाईंना दोन, बाकीच्यांना एकेक. मोठेपणी ही रीत आपण सोडली आणि ‘पार्टी कधी देतोस’ या तगाद्यावर आणून ठेवली. इथल्या लोकांनी ती साठीपर्यंत सांभाळली, एवढाच फरक.

तर खाऊ काय घालायचं? नागपूर म्हटलं की बाहेरची माणसं सावजी आणि तर्रीपोह्यांवर थांबतात. दोन्ही आपलेच, पण घरात वाढलेल्या माणसाला ज्या अन्नानं घडवलं ते वेगळं: वडाभात, कढीगोळे, पुडाची वडी आणि या सगळ्यांत साधा म्हणजे गोळाभात. पुण्याकडच्या मित्रांना हा सांगितला की ते मसालेभातासारखं काहीतरी समजतात. तसं नाही. पांढऱ्या भाताच्या वाफेवर शिजलेले हरभऱ्याच्या डाळीचे गोळे, पानात भातात कुस्करायचे, वरून मोहरी-हिंगाचं गरम तेल आणि लिंबू. बस.

पहिली अडचण भरड्याची. इथल्या भारतीय दुकानात मिळतं ते बारीक बेसन, आणि बेसनाचा गोळा चिकट, दडदडीत होतो. भरडा घरीच करावा लागतो. चार माणसांसाठी २०० ग्रॅम हरभऱ्याची डाळ मध्यम आचेवर सहासात मिनिटं परतायची, रंग बदलू न देता, फक्त वास सुटेपर्यंत. पूर्ण गार होऊ द्यायची, कारण कोमट डाळ दळली की वाफ धरते आणि पीठ भांड्याच्या तळाशी घट्ट बसतं. मग मिक्सर सलग न फिरवता तीनतीन सेकंदांचे चारपाच झटके. बोटांत बारीक रव्यासारखं लागलं की थांबायचं. नागपूरहून आणलेला मिक्सर इथे चालतो, व्होल्टेज तेच आहे, फक्त आपली तीन गोल पायांची पिन इथल्या सॉकेटात बसत नाही, तिला चांगल्या प्रतीचा अडॅप्टर लागतो. आणि हे काम शनिवारी दुपारी उरका. रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर इमारतीत शांतता पाळायची असते, आणि दुकानंही रविवारी बंद, म्हणजे हिंग संपलं असेल तर संपलं.

भरड्यात ६० मिली कडकडीत तेलाचं मोहन, मग हातानं चोळणं. मूठ वळली की आकार टिकला पाहिजे आणि बोटानं टोचलं की मोकळं झालं पाहिजे. आमच्या घरी मोहन कधी कुणी मोजलं नाही, पण ही मुठीची परीक्षा आजीकडून आईकडे आणि आईकडून फोनवर माझ्याकडे आली, आणि ती कुठल्याही मापापेक्षा पक्की आहे. तिखट दीड चमचा, जमलं तर भिवापुरी मिरचीचं. हळद अर्धा चमचा, मीठ सव्वा, हिंग, जिरं आणि मूठभर सांबार. (नागपूरबाहेरच्यांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं नव्हे.) पाणी ८० ते ९० मिली, थोडं थोडं करत. मग पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं, कारण जाडसर डाळ पाणी सावकाश पिते. मिसळल्या मिसळल्या गोळे वळले तर पुढे कोरडे पडून फुटतात. लहान लिंबाएवढे बारा गोळे होतात. ‘दाबू नको बापा, नुसता वळजो’, हे आईचं वाक्य तसंच्या तसं खरं आहे. दाबलेला गोळा शिजल्यावर दगड होतो.

तांदूळ बासमती नको. त्याचा दाणा दाण्याला धरत नाही, गोळा त्यावरून घरंगळतो आणि कुस्करताना काही मिळून येत नाही. इथे सोना मसुरी मिळतो, त्यावर भागतं. खरा तांदूळ एचएमटी. आणि वाढदिवसाला घडवणाऱ्यांची आठवण काढायची तर मला हे नाव टाळता येत नाही: दादाजी खोब्रागडे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी. पटेल ३ या वाणाच्या धानात त्यांना १९८३ मध्ये काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, बी वेगळं पेरलं, पुन्हा निवडलं, पुन्हा पेरलं, वर्षानुवर्षं. तयार झालेल्या तांदळाला त्या काळच्या घरोघरच्या घड्याळाचं नाव पडलं, एचएमटी. २०१८ मध्ये ते गेले. ज्यांच्या डोळ्यांनी निवडलेला भात आपण लहानपणापासून जेवलो, त्यांचं नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं? इथे माणसं आपल्या गावच्या ब्रेडवाल्याचं नाव अभिमानानं सांगतात. आपण तांदळाचं पोतं आणतो आणि नाव वाचतो ते घड्याळाचं.

३०० ग्रॅम तांदूळ अर्धा तास भिजवून, ९०० मिली पाण्यात उघड्या गंजात (म्हणजे पातेल्यात) शिजायला ठेवायचा. पाणी नेहमीपेक्षा जास्त, कारण गोळेही पाणी पितात. पाणी भाताच्या पातळीला आलं आणि वर छिद्रं दिसू लागली की गोळे एकेक करून वर बसवायचे, अर्धे भातात, अर्धे बाहेर. सगळी मदार या वेळेवर आहे. आधी टाकले तर उकळीत फुटून पिठलं होतं. उशिरा टाकले तर वाफ पुरत नाही आणि मधोमध फिकट, कच्च्या डाळीच्या चवीचा ठिपका राहतो.

नागपूरला या क्षणी गॅस बारीक करून गंजाखाली तवा सरकवतात. इथल्या काचेच्या विजेच्या शेगडीवर ते जमत नाही. बटण कमी केलं तरी काच काही मिनिटं तशीच तापलेली राहते आणि तळाचा भात करपतो. म्हणून शेजारची चूल आधीच नऊपैकी दोनवर तापवून ठेवायची आणि गोळे बसवले की गंज तिच्यावर न्यायचा. ओढत नको, काचेवर ओरखडे पडतात; उचलूनच न्यायचा. घट्ट झाकण, पंधरा मिनिटं वाफ, मग बंद करून आणखी दहा. मध्ये झाकण काढलं तर वाफ गेली.

शेवटी तेल. फल्लीतेल, म्हणजे शेंगदाण्याचं, इथल्या दुकानांत मिळतं, ते नसेल तर रिफाइंड रेपसीडचं. थंड दाबाचं तेल घेऊ नका, लवकर धुरावतं. आणि धुराचा प्रश्न इथे गंभीर आहे. जर्मनीत घराघरात झोपण्याच्या खोलीत आणि बाहेर पडायच्या पॅसेजमध्ये छताला धुराचा अलार्म लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. तो प्रकाशावर चालतो. आत धूर, दाट वाफ किंवा तेलाचे बारीक कण शिरले की तो फोडणी आणि आग यांत फरक करत नाही. शेगडीवरची चिमणीही बऱ्याच घरांत हवा बाहेर टाकत नाही, गाळून परत खोलीतच सोडते. म्हणून स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी सताड उघडी. अलार्मवर पिशवी बांधू नका, लोक बांधतात आणि मग काढायला विसरतात.

क्रमही बदलावा लागतो. लहान कढल्यात १२० मिली तेल, मोहरी तडतडली की कढलं लगेच चुलीवरून उचलायचं आणि मग हिंग, हळद, सुक्या लाल मिरच्या. चुलीवर असताना मिरची टाकली की ठसका पॅसेजपर्यंत जातो. उचलून टाकली तर तेलाच्या उरलेल्या उष्णतेत मिरची फुगते, काळी पडत नाही, आणि खरं सांगायचं तर चवही जास्त चांगली लागते. हे मी आईलाही सांगितलंय. तिला पटलेलं नाही.

औक्षणासाठी तूप इथलंच. दूधदुभत्याचे पदार्थ युरोपबाहेरून सामानात आणायला बंदी आहे, त्यामुळे बॅगेत तुपाची बरणी भरू नका, विमानतळावर काढून घेतात. २५० ग्रॅम बिनमिठाचं लोणी कढवलं की साधारण २०० ग्रॅम तूप निघतं. पाकिटावर ‘झाउअरराम’ लिहिलेलं घ्या, ते विरजलेल्या सायीचं असतं आणि त्याचं तूप घरच्या लोण्याच्या तुपासारखं कणीदार, खमंग होतं. फुलवात, सुपारी, अंगठी, अक्षता, पाट नसेल तर चौघडी घातलेली चादर. ओवाळणारी नागपुरात आणि बसणारा इथे असेल तर फोन पूर्वेच्या बाजूला उभा करा, म्हणजे ओवाळून घेणाऱ्याचं तोंड पूर्वेकडे राहतं.

वाढदिवसाला घरी का येत नाही, हे लोक दरवर्षी विचारतात. डिसेंबरात तिकिटं फार महाग असतात, आणि मार्चमध्ये आलं की मृग बहाराची संत्री बाजारात असतात, सवडीनं सगळ्यांकडे जाता येतं. हे कारण खरं आहे. पुरेसं आहे की नाही, ते आईनं ठरवायचं.

गोळाभात ऑफिसात न्यायचा असेल तर भात-गोळे एका डब्यात, तेल वेगळ्या काचेच्या बाटलीत. गरम करताना वरून दोन चमचे पाणी शिंपडा, नाहीतर गोळे कोरडे पडतात. डब्याजवळ चिठ्ठी ठेवायला विसरू नका. युरोपात ज्या १४ ॲलर्जींची नोंद द्यावी लागते त्यात मोहरी आणि फल्लीदाणे दोन्ही आहेत, आणि घरच्या डब्यालाही सहकारी तेच विचारतात. चिठ्ठीवर एवढं पुरतं: तांदूळ, हरभऱ्याची डाळ, फल्लीतेल, मोहरी, हिंग (त्यात गव्हाचं पीठ असेल तर तेही), तिखट. तिखटाखाली दोन रेघा मारा.