डावा पाय कुठंय?

उभ्याने चालवायच्या फोर्कलिफ्टवर मी बरीच वर्षं काढली, आता नवीन पोरांना शिकवतो, आणि दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा ओरडतो ते एकच, "डावा पाय कुठंय?" पोरं मागून माझी नक्कल करतात, मला माहितीये. करू देत.

आधी ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी. बसून चालवायच्या फोर्कलिफ्टमध्ये तुम्ही सीटवर असता, पट्टा असतो. उभ्याच्या गाडीत एका छोट्या कप्प्यात बहुतेक वेळा आडवं उभं राहायचं, एक खांदा फोर्ककडे, म्हणजे माल उचलायच्या लोखंडी पात्यांकडे, आणि दुसरा मागे, एका हातात स्टिअरिंगचा टिलर आणि दुसऱ्या हातात एकच हँडल, त्यावरच पुढं-मागं, वर-खाली, हॉर्न सगळं. पाठीला टेकायला थोडी गादी. चढायची बाजू उघडी, दार नाही. अरुंद गल्लीत वळते, माणूस पटकन चढतो पटकन उतरतो, म्हणून गोडाऊनवाल्यांना ती आवडते. मलाही आवडते, खोटं कशाला बोलू.

पण तिचं पेडल कारच्या बरोब्बर उलटं असतं. पायाखालचं पेडल दाबून ठेवलं तर गाडी चालते, पाय उचलला की ब्रेक लागतो, त्याला डेडमॅन पेडल म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. पण समोर अचानक माणूस आला की कार चालवणाऱ्याचा पाय काय करतो? जोरात दाबतो. इथं दाबलं तर गाडी आहे तशी पुढं जात राहते! नव्या माणसाला हे डोक्यानं पाच मिनिटांत कळतं, पायाला कळायला काही आठवडे जातात, आणि मधल्या काळात त्याला गर्दीच्या गल्लीत सोडायचं नाही यावरून माझी आणि सुपरवायझरची दर वेळी वाजते.

दुसरी खोड बाईकची. बाईक हलली, तोल गेला की आपण पाय खाली टेकतो, विचार न करता. उभ्याच्या गाडीत ब्रेक जोरात लागला किंवा वळताना झोल बसला की शरीर तेच करतं, उघड्या बाजूचा पाय, बहुतेक वेळा डावा, बाहेर जातो. बाईकला तुमचा पाय सावरू शकतो, पण ही गाडी तीन-चार टनांची, तिला तुमच्या पायाचं काय पडलंय. पाय जातो गाडी आणि रॅकच्या खांबाच्या मधे.

माझा जाता जाता वाचलाय. शिफ्ट संपायची वेळ, गल्लीतून उलटा येत होतो आणि वळण घेतलं. गाडी मागच्या चाकांवर वळते म्हणून मागचं टोक बाहेर फेकलं जातं, हे मला पाठ होतं तरी टाच चार बोटं बाहेर राहिली होती. खर्रर असा आवाज आला, कापड फाटतं तसा. थांबून बघतो तर बुटाची टाच सोलून निघालेली, आतलं मोज्याचं कापड दिसत होतं. सेफ्टी बुटाला लोखंडी टोपी असते ती बोटांवर, घोट्यावर काही नसतं हे त्या दिवशी नीट समजलं. आणि नवीन बुटांच्या फॉर्मवर मी कारण काय लिहिलं? "झिजले." अजून लाज वाटते त्याची, कारण तो खांब वळणाच्या फारच जवळ होता आणि मी खरं लिहिलं असतं तर कोणीतरी तिथं येऊन बघितलं असतं.

आता ज्या गोष्टीबद्दल फार कमी लोक बोलतात ती. गाडीची बॉडी साधारण कमरेएवढी, वर डोक्यावर छप्पर, आणि मधली जागा मोकळी, तिथं तुम्ही. रॅकचा सगळ्यात खालचा आडवा बीम बरोब्बर त्या मधल्या उंचीला असेल तर उलटं जाताना बॉडी बीमखालून निसटून आत जाते आणि बीम सरळ कप्प्यात येतो, छातीवर. छप्पर काही कामाचं नाही, ते वरून पडणाऱ्या मालासाठी आहे. याला उपाय ऑपरेटरच्या हातात अर्धाच, जिकडे जातोय तिकडे बघत राहणं. बाकीचा अर्धा गोडाऊनवाल्यांचा: पहिला बीम जमिनीलगत घ्या म्हणजे आधी बॉडी आपटेल, नाहीतर गाडीला मागच्या कोपऱ्यांत खांब बसवून घ्या. भिंतीवर "सावधान" लावून बीम खाली येत नाही.

गाडी कलंडली तर काय करायचं हेही दोन्हीकडे वेगळं. बसायच्या गाडीत पट्टा लावून आतच राहायचं, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पडत्या बाजूच्या उलट झुकायचं, उडी मारायची नाही. मागून चढायच्या उभ्याच्या गाडीत मात्र ती आडवी कलंडायला लागली की मागच्या मागे पाऊल टाकून बाहेर पडायचं. म्हणून तर तिथं दार नाही. बसायच्या गाडीवर दहा वर्षं काढलेला माणूस थेट इकडे आणला तर तो हँडल धरून आतच थांबणार, त्यामुळे "त्याला येतं, जुना माणूस आहे" हे वाक्य मी ऐकूनच घेत नाही.

कलंडायची वेळ येऊ नये म्हणून फोर्क जमिनीपासून १०-१५ सेंटिमीटरवर ठेवून चालायचं, माल उंच घेऊन वळायचं नाही, आणि गाडीवरची क्षमतेची पाटी वाचायची. पाटीवरचा आकडा ठरावीक उंचीला आणि ठरावीक लोड सेंटरला, म्हणजे फोर्कच्या उभ्या भागापासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतच्या अंतराला असतो, बहुतेक ५०० किंवा ६०० मिलिमीटर, लांबट पॅलेट (माल ठेवायचा फळ्यांचा पाट) घेतलं की तेवढं वजन उचलायचं विसरा. एक गंमत म्हणजे बॅटरीसुद्धा वजनाच्या हिशोबात धरलेली असते, तिनेच मागची बाजू दाबून धरलेली असते. कोणी घाईत हलकी बॅटरी टाकली तर गाडी चालते व्यवस्थित, फक्त पाटी खोटी होते.

सकाळची तपासणी सगळे टिक मारून मोकळे होतात. निदान फोर्कचं वळण, जिथं तो उभ्याचा आडवा होतो, तिथली जाडी बघा, १० टक्के झिजला तर ताकद साधारण २० टक्के कमी होते, तो बदलायचाच. फोर्क वर-खाली करणारी चेन बोटांनी चाचपायची नाही. आणि रीच ट्रक, म्हणजे फोर्क पुढं सरकवून रॅकमधला माल घेणारी गाडी, असेल तर चाकं बघा, पुढची चाकं एवढीशी असतात की पॅलेटची फळी किंवा गुंडाळायचं प्लास्टिक अडकलं तरी गाडी झटका देते, आणि झटका बसला की परत तोच पाय बाहेर.

म्हणून मी रिकाम्या जागेत, माल न घेता, पोरांना सरळ चालवायला लावतो आणि मधेच टाळी वाजवून "थांब!" म्हणतो. गाडी कुठं थांबली ते बघतच नाही, पाय बघतो.

काल एकजण झकास थांबला, पेडल सोडलं, दोन्ही पाय आत. मी काहीच बोललो नाही, तो खूश झाला, टुणकन खाली उतरला आणि माझ्याकडे चालत आला. मागे गाडीत चावी तशीच, फोर्क गुडघ्याएवढे वर. परत चढवला त्याला.