तळटीप

पहाटेपासून झड लागलीय. नोकरी सोडली, आता कॉलेजला शिकवायला जायचं नाही, हे अंगाला अजून कळत नाही, साडेपाचला जाग आलीच. चहा घेऊन टेबलाशी बसले आणि आजीबद्दलचं पहिलं खरं वाक्य लिहिलं. काटोलच्या बागेत मे महिन्यात पाणी तोडलं की संत्र्याची पानं मलूल व्हायची, मी रडायचे, आणि ती म्हणायची, 'रडू नको वं. ताण देल्याबिगर झाड फुलते का?'

वाक्य संपलं आणि हाताने आपसूक अवतरणाच्या डोक्यावर बारीकसा १ काढला. तळटीपेचा आकडा.

एवढ्यावरही थांबले नाही. उठून मृग बहारावरची जुनी पुस्तिका शोधायला लागले. उन्हाळ्यात पाणी बंद ठेवायचं, पाऊस आला की ताण तुटतो आणि झाड फुलतं, हे मला छापून कुणी सांगायला हवं? ती फुलं माझ्या केसांत पडली आहेत. तरी अर्धा तास कपाट उपसलं. पुस्तिका सापडली नाही तेव्हा छातीत धस्स झालं, जणू आजी खोटं बोलली होती. त्या क्षणी मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. सकाळपासून हेच डाचतंय.

१९ वर्षं शिकवलं. वर्गाबद्दल तक्रार नाही. शेवटच्या तासाला मागच्या बाकावरून जी चिठ्ठी आली... नको, ते आज नको.

२०१० साली यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एपीआय आणलं: प्राध्यापकाचं काम गुणांत मोजायचं, बढतीसाठी. समीक्षित नियतकालिकातल्या शोधनिबंधाला १५ गुण. दिवाळी अंकातल्या माझ्या ललित लेखासाठी त्या तक्त्यात मला रकाना सापडला नाही, म्हणून पुढच्या वर्षी तो लिहिलाच नाही. कुणी मनाई केली नव्हती. २०१९ मध्ये केअरची यादी आली, यूजीसीला मान्य असलेल्या नियतकालिकांची, मग त्या यादीतल्या नियतकालिकांसाठी रात्री जागून लिहिलं. आता ती यादीही बंद झाली. त्या रात्री परत कुणाकडे मागू?

ताई परवा म्हणाली, 'कवी ग्रेस नाही का, याच नागपुरात मराठी शिकवत होते आणि लिहीतही होते?' होते. त्यांना साधलं. मला नाही साधलं, प्रत्येक वाक्याआधी कुणाचा तरी आधार शोधता शोधता माझा आवाज बसला. पगाराचं ताई बोलली नाही. घरात कुणीच बोलत नाही.

दुपारी धरमपेठेतून भाजी आणली, वरण-भात केला, पुन्हा वहीपाशी आले. तो १ खोडायला पेन टेकवलं आणि वाटलं, कशाला? १९ वर्षं या हाताने हेच केलंय, इतक्या लवकर कसा विसरेल? राहू दे. मग पानाच्या तळाशी रेघ मारली आणि लिहिलं:

१. आजी. पहाटे बागेत जायची, मुठीत माती दाबून सोडायची. मग एक पान गालाला लावायची. गार लागलं की म्हणायची, अजून थांबू. तिच्या अंगठ्याचं नख सालीच्या तेलाने पिवळं झालेलं असायचं आणि तोच अंगठा ती माझ्या कपाळावर...

वरचं वाक्य अजून एकटंच आहे. खालची जागा कधीच भरली. दिवेलागणीला झड ओसरली तेव्हा मी वही आडवी धरून समासात लिहीत होते.