तिसरी साक्षीदार

परदेशी जोडीदाराच्या व्हिसाची फाइल घेऊन येणाऱ्यांत मला सगळ्यात सोपी जातात ती थाटामाटात लग्न केलेली मंडळी. मेंदी, हळद, सीमांतपूजन, रिसेप्शन, ड्रोनने काढलेला व्हिडिओ, गोऱ्या व्याह्यांच्या डोक्यावर फेटे. त्या ढिगातून निवडक काढायचे एवढंच माझं काम. अवघड जातात ती गुपचूप लग्न केलेली माणसं. त्यातही दुसरेपणाचं लग्न असेल आणि बाई पन्नाशी ओलांडलेली असेल, तर विचारायलाच नको.

माझं ऑफिस दादर पश्चिमेला, साडीच्या दुकानाच्या वर. मी वकील नाही. फॉर्म भरणं, कुठला दाखला कुठून मिळेल ते सांगणं, भाषांतरं करून घेणं, मुलाखतीची फाइल लावून देणं, एवढीच माझी कामं. २०२४ च्या पावसाळ्यात एका सकाळी गिरगावातल्या एक काकू आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत दुसरी पिशवी, तिच्यात फाइल. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली बाई, त्यामुळे कागद तारखेवार लावलेले आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर घातलेला. असं गिऱ्हाईक आलं की माझा निम्मा दिवस वाचतो.

काकू छप्पन्न वर्षांच्या. यजमान जाऊन बारा वर्षं झालेली. मुलगी पेनसिल्व्हेनियात. तिच्या बाळंतपणाला म्हणून सहा महिन्यांच्या मुक्कामाला गेल्या, तिथे शेजारच्या घरात एक निवृत्त शाळामास्तर राहत होते, विधुर, चौसष्ट वर्षांचे. बाळाला बाबागाडीत घालून फिरवता फिरवता ओळख झाली. "लेकीच्या बाळंतपणाला गेले आणि नवरा घेऊन आले, असं म्हणतील हो लोक," त्या मला म्हणाल्या. हसत नव्हत्या.

पर्यटक व्हिसावर असतानाच तिथे लग्न करून टाका, असं त्यांना पुष्कळांनी सुचवलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. पाहुणी म्हणून गेले होते, पाहुणीसारखी परत आले, म्हणाल्या. मग मास्तर मुंबईला आले आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली फोर्टात, जुन्या कस्टम हाऊसमध्ये, दोघांनी नोंदणी केली. या कायद्यात आधी नोटीस द्यावी लागते, ती तीस दिवस फलकावर लागते, आणि कुणी वैध हरकत घेतली नाही तर तीन साक्षीदारांसमोर लग्न लागतं. नोटीस पत्त्यासकट भिंतीवर असताना चाळीत कळलं कसं नाही, असं मी विचारलं. काकू म्हणाल्या, "आमच्या चाळीतला माणूस फोर्टात जाऊन फलक वाचत नाही."

लग्नानंतर तीन आठवडे मास्तर त्यांच्या खोलीत राहिले. चाळीत सांगितलं होतं, लेकीचे शेजारी आहेत, मुंबई बघायला आलेत. यात खोटं काहीच नव्हतं, ही काकूंची बाजू.

लपवायचं कारण म्हणजे दीर. शेजारच्याच खोलीत राहणारे. पागडीची खोली, पुनर्विकासाची बोलणी चाललेली, आणि वहिनीने दुसरं लग्न केलं तर खोलीचं काय, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात पहिला येणार. खोलीचा विषय माझा नाही, मी एका वकीलबाईंचा नंबर दिला. पण भीती नुसती खोलीची नव्हती. मोठ्या भावाच्या फोटोला रोज हार घालणारे ते दीर, आणि काकूंना त्यांच्याबद्दल राग नव्हताच.

आता अडलं कुठे ते सांगते. अमेरिकी नागरिकाला बायकोसाठी आय-१३० हा अर्ज भरावा लागतो. तो यूएससीआयएस, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे जातो. मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, आणि मग मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. काकूंचं पहिल्याच पायरीवर अडलं होतं. खात्याने पत्र पाठवून लग्न खरं असल्याचा आणखी पुरावा मागितला होता. या अर्जासोबत काय चालतं त्याची यादी असते: दोघांच्या नावावरचं घर, दोघांचा मिळून भाडेकरार, एकत्र पैसे, झालेल्या मुलांचे जन्मदाखले. काकूंनी यादीवर बोट ठेवून मला जन्मदाखल्यांची ओळ दाखवली आणि पहिल्यांदा हसल्या.

त्या माझ्याकडे येण्याआधी उपनगरातल्या एका एजंटकडे जाऊन आल्या होत्या. त्याने पॅकेज सांगितलं: छोटा हॉल, भटजी, पन्नास माणसांचं जेवण, फोटोग्राफर. नवरा पुढच्या खेपेला आला की एका दिवसात उरकायचं आणि फोटो आधीच्या लग्नाचे म्हणून लावायचे.

"माणसं कुठून आणणार?" मी विचारलं.

"त्याच्याकडे असतात म्हणे."

खरं लग्न झालेल्या बाईने खोट्या लग्नाचे फोटो काढायचे, म्हणजे कमाल आहे! हा उद्योग किती महागात पडतो ते मी त्यांना सांगितलं. व्हिसासाठी महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं ठरलं, तर अमेरिकेत प्रवेशाला कायमची बंदी येऊ शकते. आणि इमिग्रेशनसाठी केलेलं बनावट लग्न असा शिक्का एकदा बसला, की पुढे दुसऱ्या कुणीही त्या व्यक्तीसाठी केलेला तसा अर्ज मंजूर होत नाही, अगदी पोटच्या मुलीने केलेलाही. काकू गप्प झाल्या. मी त्यांची फाइल उघडली.

विवाहाच्या दाखल्यावर तीन साक्षीदारांची नावं होती. पहिली काकूंची बँकेतली मैत्रीण. दुसरे तिचे यजमान. तिसऱ्या नावाला आडनाव काकूंचंच होतं, म्हणजे त्यांच्या पहिल्या सासरचं.

"या कोण?"

"धाकटी जाऊ."

"म्हणजे दिरांची बायको?"

"हो."

"आणि दिरांना माहीत नाही?"

"तिने सांगितलेलं नाही," काकू म्हणाल्या. "मी तिला म्हणाले होते, साक्षीला बाहेरचं कुणीतरी बघते. तर म्हणाली, ताई, पहिल्या लग्नात मी नव्हते, या लग्नात मला राहू दे."

यादीत आणखी एक बाब असते, ती लोक शेवटी वाचतात. नातं प्रत्यक्ष पाहिलेल्या तिसऱ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र. त्यात त्या माणसाचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थळ, अर्जदाराशी नातं आणि आपल्याला हे कसं ठाऊक, हे तपशिलात लिहायचं असतं. लोक मित्रांकडून आणतात, सगळ्यांची एकाच साच्यातली, "मी यांना ओळखतो, हे सुखी जोडपं आहे." असल्या कागदाला फारसं वजन नसतं. पण पहिल्या नवऱ्याच्या भावाची बायको स्वतःच्या घरात वाद ओढवून घेऊन सही करते, हा पुरावा विकत मिळत नाही. मी म्हटलं, त्यांना फोन लावा.

जाऊबाई भाजीला जाते सांगून निघाल्या. त्या येईपर्यंत आम्ही बाकीचं चाळलं. मास्तरांच्या विमानाचे बोर्डिंग पास होते. फॉर्म सी होता, आणि तो बघून मला बाईंना नमस्कार करावासा वाटला. परदेशी पाहुणा घरी उतरला की यजमानाने चोवीस तासांच्या आत ऑनलाइन तशी नोंद करायची असते. हॉटेलवाले करतात, घरगुती लोकांना असं काही असतं हेच माहीत नसतं. काकूंनी केली होती आणि प्रिंट काढून नंबर घालून ठेवली होती. मास्तर त्या तारखांना त्या खोलीत राहत होते याचा कागद तयारच होता.

"आणखी काही? चिठ्ठ्या, पत्रं?"

"आम्ही रोज फोनवर बोलतो. पत्रं नाहीत." मग थोड्या वेळाने, "हिशेबाची वही चालेल का?"

त्या रोज रात्री हिशेब लिहितात, बँकेत लागल्यापासून. वही पिशवीतच होती, कारण रिक्षाचे पैसे लिहायचे असतात. मी लग्नाच्या महिन्याची पानं काढली. पाव, अंडी. ओडोमास. पाण्याचे जार. दही, आणि पुढे कंसात: आमटी तिखट झाली. त्यांच्या साखरेच्या गोळ्या. चष्म्याची काडी. जुन्या कस्टम हाऊसच्या तारखेला: टॅक्सी, चार हार, पेढे अर्धा किलो, जाऊबाईंना साडी. त्याखाली बेरीज. लग्नाच्या दिवशीसुद्धा बेरीज मारलेली होती आणि ती बरोबर होती.

मी त्या पानांकडे बघत राहिले, खोटं नाही सांगत. पाच-सहा पानं स्कॅन करून प्रमाणित इंग्रजी भाषांतरासाठी बाजूला काढली. मराठीतला कागद भाषांतराशिवाय चालत नाही.

मग मुलीचा विषय काढावा लागला. मुलगी बोलत नव्हती. शेजाऱ्याशी आईने लग्न करावं हे तिला सहन झालं नव्हतं, आणि त्या गल्लीत तिचं रोजचं येणंजाणं. मी सहज विचारलं, तिचं ग्रीन कार्ड आहे की नागरिकत्व?

"नागरिक झाली ना, गेल्या वर्षी."

मी पेन खाली ठेवलं. एकवीस वर्षांवरचा अमेरिकी नागरिक आपल्या आईसाठी थेट अर्ज करू शकतो. नागरिकाचा जोडीदार आणि नागरिकाचे आईवडील दोघेही एकाच जवळच्या नातेवाइकांच्या वर्गात येतात, त्याला वार्षिक कोट्याची रांग नाही. म्हणजे काकूंना नुसतं ग्रीन कार्डच हवं असतं तर लग्नाची गरजच नव्हती. दोन्ही वाटांनी जायचं होतं ते त्याच गल्लीत. इतका मोठा मुद्दा, आणि मास्तरांच्या तिकडच्या वकिलांच्या पत्रात त्याचा उल्लेख नव्हता, कारण मुलीबद्दल त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"मग तिच्याकडून का नाही गेलात?" मी विचारलं. हा प्रश्न मुलाखतीलाही येणार होता.

"तिच्याकडून गेले असते तर नातवंडं सांभाळायला गेले असते," काकू म्हणाल्या. "सांभाळीन की. पण जायचंय ते माझ्या घरी."

एवढ्यात जाऊबाई आल्या, हातात खरंच मेथीची जुडी. प्रतिज्ञापत्र आम्ही मराठीतच लिहून घेतलं आणि मग भाषांतर जोडलं. ज्या भाषेत वाचता येत नाही त्या कागदावर मी कुणाला सही करू देत नाही. जाऊबाईंनी सांगितलं ते असं: मी लग्नाला हजर होते. नंतर ते गृहस्थ तीन आठवडे शेजारच्या खोलीत ताईंबरोबर राहिले. संध्याकाळी गॅलरीत बसून मटार सोलायचे. माझ्या यजमानांबरोबर बसून एकदा क्रिकेटची मॅच पाहिली, त्यांना काही कळलं नाही. ताईंचा रक्तदाब वाढला त्या रात्री त्यांनीच माझं दार वाजवलं.

"यजमानांचा उल्लेख ठेवायचा ना?" मी विचारलं. "प्रत आमच्याकडे राहते, कुणाला दाखवत नाही मी. तरी विचारलं."

"ठेवा. मॅच पाहिली हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "आणि ह्यांना मी आज रात्री सांगणार आहे. सही करून आल्यावर सांगितलेलं बरं."

खालच्या मजल्यावरच्या नोटरींपुढे सही झाली. काकू पूर्ण वेळ मेथी हातात धरून उभ्या होत्या.

त्या रात्री गिरगावात काय झालं ते मला ठाऊक नाही. पण दोन दिवसांनी दिरांचा फोन आला. आवाज चढलेला होता, मीच हे लग्न जुळवलं अशी त्यांची समजूत. मी समजावून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, त्या माणसाला पेन्शन किती आहे? मी म्हटलं, ते मला सांगता येणार नाही, पण बायकोला बोलावणाऱ्याला आय-८६४ हा हमीपत्राचा फॉर्म भरावा लागतो आणि सरकारी गरिबीरेषेच्या सव्वापट उत्पन्न दाखवावं लागतं, दोन माणसांच्या घराला २०२४ मध्ये वर्षाला २५,५५० डॉलर. पलीकडे थोडा वेळ आकडेमोड चालली असावी. "बरं आहे," म्हणाले आणि फोन ठेवला.

मुलीने प्रतिज्ञापत्र दिलं नाही. तिने आईला तिच्या अमेरिकी पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला, सोबत एक शब्दही नाही. नाराज असूनही पाठवला, मला तेवढ्यावर भागवता येत होतं. तिकडच्या वकिलांनी तो मुद्दा पत्रात पहिल्या परिच्छेदात घेतला, मागे फॉर्म सी, वहीची पानं आणि जाऊबाई.

अर्ज मंजूर झाला. पुढचं नेहमीसारखं: पासपोर्ट कार्यालयाचा पोलिस दाखला, नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी आणि लसी, मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. आत मोबाइल नेता येत नाही हे मी सगळ्यांना बजावते, तरी निम्मे लोक नेतात. काकूंनी नेला नव्हता. अधिकाऱ्याने त्यांना मास्तरांच्या सकाळच्या न्याहारीबद्दल विचारलं आणि मुलीबद्दल विचारलं. वही मागितलीच नाही. काकू थोड्या नाराज झाल्या.

प्रवेशाच्या वेळी लग्नाला दोन वर्षं झालेली नसली, तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचं आणि सशर्त मिळतं. मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून ती अट काढण्याचा आय-७५१ हा अर्ज भरायचा, आणि तेव्हा लग्न खरं असल्याचे पुरावे पुन्हा द्यायचे. निघताना हे मी कागदावर लिहून दिलं होतं. परवा तिकडून त्यांचा फोन आला. ज्वारीचं पीठ मिळतं पण जुनं असतं, भाकरी चिरते. मुलगी रविवारी बाळाला सोडून जाते, आत येत नाही अजून. बँकेत दोघांचं खातं उघडलंय, त्याची स्टेटमेंट जपून ठेवू का? म्हटलं, ठेवा, आणि विजेचं बिलही दोघांच्या नावावर करून घ्या.