हिरव्या बटनातली ढलपी

रंधा मशीन बंद असलं की लोकांना तो बसायचा बाक वाटतो. लांब, सपाट, कमरेच्या जरा खाली, आणि बिडाचं असल्यामुळे भर उन्हाळ्यातही हाताला गार लागणारं. गिऱ्हाईक आपल्या दाराची चौकट बघायला येतं आणि बोलता बोलता त्यावरच टेकतं. चालू मशीनजवळ सहसा कुणी फिरकत नाही, त्याचा आवाजच माणसाला लांब ठेवतो. मला धास्ती असते ती बंद मशीनजवळ उभ्या असलेल्या माणसाची.

आमच्यासारख्या लहान दुकानांत एकाच मोटरवर सगळा कारभार असतो, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. मोटर १४४० फेऱ्यांची, पण पट्ट्यावरून शाफ्टला वेग जातो तो मिनिटाला चार हजारांच्या वर. त्या शाफ्टवर मधे रंध्याची पाती आणि त्याच शाफ्टच्या टोकाला गोल करवत. रंध्यासाठी बटन दाबलं तरी करवत फिरते, करवतीसाठी दाबलं तरी पाती फिरतात. दोन टेबलांच्या मधे जी फट दिसते तिला आम्ही तोंड म्हणतो. पाती त्याच्या आत असतात, वरून बघणाऱ्याला धारेची नुसती रेघ दिसते. बंद केल्यावरही करवत बराच वेळ फिरत राहते, आणि शेवटी शेवटी तर आवाजही होत नाही.

मी करवतीवरची टोपी आणि मागची पाती कधी काढत नाही. ओलसर सागवान चिरताना मागे मिटत येतं, पात्याला आवळतं आणि फळी उलटी अंगावर येते. मागची पाती ती चीर उघडी ठेवते. आमच्या धंद्यातले निम्मे लोक मशीन घेतल्याच्या दिवशीच ती काढून कोपऱ्यात टाकतात, कामाला आडवी येते म्हणून. मला याचा राग येतो. गिऱ्हाइकांचाही येतो. घरचं सागवान आणून देतात आणि सुतार लाकूड बदलेल या भीतीनं डोक्यावर उभे राहतात. त्यातच फळी पुढे सरकत असताना मागून हाक मारतात.

आजोबा तळोद्याकडचे, बैलगाड्या करायचे. तळोदा म्हणजे खानदेशातली लाकडाची जुनी पेठ, गाड्यांसाठी नाव असलेली. चाकावर लोखंडी धाव चढवायची तेव्हा ती गोवऱ्यांत लाल करून सांडशीनं उचलायची, बाभळीच्या चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. गाव बघायला जमायचं. आजोबा राखेची रेघ ओढायचे आणि पाटलाचं पोरही ती ओलांडायचं नाही, असं आप्पा सांगतात. पण तिथे धोका लालभडक दिसायचा. माझ्या दुकानात तो दिसत नाही, आणि रेघही ओढता येत नाही, कारण दुकानाच्या मागच्या दारातूनच घर सुरू होतं.

त्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. बहीण, जिजाजी, त्यांची मुलं, सगळी दोंडाईच्याला आमच्याकडे आलेली. आत खापरावर पुरणपोळ्या चाललेल्या, आणि गुळाची ढेप फोडायला कुणीतरी माझी इंचाची पटाशी नेलेली. आदल्या दिवशीच दगडावर घासून तिला धार लावली होती. परत आली ती कोपरा उडून. सणाच्या दिवशी बायकांना काय बोलणार, म्हणून गप्प बसलो.

दुपारी लाइट गेली. लाइट गेली की मी पहिलं काम करतो ते मेनचा दांडा खाली पाडायचं. तशी स्टार्टरमध्ये, म्हणजे मोटरच्या बटनांच्या पेटीत, कॉइल असते, वीज गेली की ती सुटते आणि वीज आली तरी हिरवं बटन दाबल्याशिवाय मोटर उठत नाही. हाताखालचा पोरगा मला म्हणतोही, कॉइल आहे ना, मग रोज दांडा कशाला? मला दोन अडसर लागतात. एक मशीनचा, एक माझा.

भाच्यांना झोक्यासाठी पाटली हवी होती. बाहेर निंबाच्या सावलीत हातरंध्यानं तिच्या कडा मारत बसलो, पोरं भोवती. तासाभरानं गल्लीत ओरडा झाला, "लाइट उनी रे!" तसा आत गेलो. दांडा उचलण्याआधी मी आधी टेबल बघतो, मग स्टार्टर. टेबलापाशी सगळ्यात धाकटा भाचा उभा. बाहेरून कधी सटकला कळलंच नाही. खेळण्यातला ट्रॅक्टर रंध्याच्या टेबलावर चालवत होता आणि तोंडात साचलेला भुसा बोटानं उकरून ट्रॉलीत भरत होता. दोन बोटं फटीत, दुसऱ्या पेरापर्यंत.

मी त्याला उचलून बाहेर ठेवलं. परत दांड्याकडे वळलो आणि स्टार्टर दिसला. हिरवं बटन आत दाबलेलं, आणि ते तसंच राहावं म्हणून बटन आणि पेटीच्या कडेमधे सागाची एक ढलपी ठोकलेली. नीट, बेतानं बसवलेली. अशा अवस्थेत कॉइलचा काही उपयोग नाही. वीज आली की मोटर तत्क्षणी उठते. मधे उभा होता तो फक्त खाली पाडलेला दांडा.

कुणी लावली म्हणून विचारलं. खाटेवर पडलेले जिजाजी शांतपणे म्हणाले, "मीच. लाइट आली की आपोआप चालू होईल, आपल्याला कळेल."

त्यांच्या विहिरीवर ते हेच करतात, तालुक्यात सगळेच करतात. शेतीची लाइट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री कधी येईल, कधी जाईल त्याचा नेम नाही. साप-विंचवाच्या, बिबट्याच्या भीतीत बटन दाबायला कोण उठून जाणार? म्हणून काडी लावून झोपायचं. ती सवय त्यांच्या हाताला आहे, आणि तो हात त्यांनी मदत म्हणून माझ्या भिंतीवर चालवला.

मी तेव्हा हे काही डोक्यात आणलं नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "ही तुमची पाण्याची मोटर नाही. यापुढे दुकानात पाय ठेवायचा नाही."

"मी काय धाकला पोऱ्या शे का?" म्हणत ते उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. आमरसाच्या पंगतीला आले नाहीत. आखाजीला जावई उपाशी राहिला, आणि बहीण वाढता वाढता आत जाऊन रडली.

आप्पा रात्री म्हणाले, "पाव्हनाले आशे बोलतस का?" त्यांचं म्हणणं, ढलपी गुपचूप काढायची, पोराला दटावायचं आणि विषय संपवायचा. माझं आणि आप्पांचं यावर अजून जमलेलं नाही. गुपचूप काढली असती तर पुढच्या सणाला ती परत बसली असती. पोराला सांगितलं की ते घाबरतं, गिऱ्हाईक निदान विचारतं. जिजाजी विचारणार नाहीत, कारण त्यांना येतं. सबमर्सिबल स्वतः ओढतात, फ्यूज स्वतः बांधतात. अशा माणसाला हात लावू नका म्हणणं म्हणजे त्याचं सगळं येणं नाकारणं, आणि तो जावई असेल तर मानही काढून घेणं. ही गोष्ट गोड शब्दांत कशी सांगायची ते मला आजही सापडलेलं नाही, आणि त्यांच्याच पोराची बोटं फटीत बघितल्यावर शब्द निवडायचे तरी कसे?

आता मेनच्या दांड्याला कुलूप आहे, किल्ली माझ्या करदोड्याला. हिरव्या बटनाभोवती लोखंडी कडं बसवून घेतलं, आत बोट जातं पण पाचर टिकत नाही. दाराला अर्धी फळी आणि कडी. गिऱ्हाइकं कुरकुरतात. एकानं सरळ विचारलं, आत काय लपवता?

श्रावणात कानबाईच्या सणाला जिजाजी आले. फळीच्या बाहेर उभे राहून बोलले. मी "या ना आत" म्हणालो तर "इथंच बरं" म्हणाले. मग त्यांच्या विहिरीचा विषय मीच काढला. धाकटा तिकडेही त्यांच्या मागं मागं फिरतो. पंपाजवळ, पट्ट्यावर चालणाऱ्या कडबाकुट्टीजवळ. कुट्टीच्या स्टार्टरला तरी काडी लावू नका म्हटलं, मी येऊन कडं बसवून देतो. त्यांनी मान हलवली. परवा बहिणीला फोनवर विचारलं. कुट्टीची काडी काढली आहे, विहिरीची तशीच आहे. "रात्रीची लाइट आहे रे भाऊ, कोण उठणार," म्हणाली. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कडं मात्र करून ठेवलं आहे, कपाशीची वेचणी उरकली की जाऊन बसवणार आहे.