एक लांब वाक्य, बर्मिंगहॅमहून

एका वाक्याचं मराठी करायला मला दोन रविवार लागले. आईसाठी करत होते. तिला इंग्रजी वाचता येतं, पण महाडच्या शाळेत तिनं तीस वर्षं मराठी शिकवलंय. "मला ते आपल्या भाषेत ऐकायचंय," एवढंच म्हणाली.

वाक्य अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचं. आम्ही आता राहतो त्याच शहरात, अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये, एप्रिल १९६३ मध्ये तुरुंगात बसून त्यांनी एक पत्र लिहिलं. त्या पत्रात तीनशेहून जास्त शब्दांचं हे एकच वाक्य आहे.

आईचा पहिला प्रश्न होता, "अगं, पण तुरुंगात कागद कुठला?" कागद नव्हताच. १२ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, मोर्चाबंदीचा न्यायालयीन आदेश मोडल्याबद्दल त्यांना अटक झाली आणि एकांत कोठडीत टाकलं. तिथे त्यांच्या हाती एक वर्तमानपत्र लागलं. त्यात शहरातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंचं निवेदन होतं. वर्णभेदाविरुद्धचं हे आंदोलन अवेळी आहे, बाहेरून आलेले लोक ते चालवताहेत, प्रश्न रस्त्यावर नाही तर न्यायालयात आणि चर्चेतून सुटावेत, असा त्याचा सूर. किंग यांनी त्याच वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर उत्तर लिहायला सुरुवात केली. पुढे तुरुंगात कामाला असलेल्या एका कृष्णवर्णीय कैद्यानं कागदाचे कपटे आणून दिले, मग वकिलांकडून वही मिळाली. क्लॅरन्स जोन्स हे वकील ते कागद लपवून बाहेर नेत. गॅस्टन मोटेलमध्ये किंग यांचे सहकारी वायट टी वॉकर ते अक्षर लावत आणि विली पर्ल मॅकी टंकलेखन करत.

ते आठ जण दुष्ट नव्हते, हे मला आईला आवर्जून सांगावंसं वाटलं. सात ख्रिस्ती धर्मगुरू आणि एक ज्यू रब्बी. त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी वर्णभेदवाद्यांनाही कायदा पाळण्याचं आवाहन केलं होतं. आताही त्यांचं म्हणणं सभ्य भाषेतच होतं: शहरात आता नव्यानं, समंजसपणे मार्ग काढायची संधी आहे, जरा थांबा.

पत्राचं सगळं बळ या 'जरा थांबा'ला उत्तर देण्यात आहे. किंग आवाज चढवत नाहीत. तुमचा हेतू चांगला आहे हे धरूनच ते बोलायला लागतात, आणि मग एकेक मुद्दा उलगडत जातात. आधी आम्ही वस्तुस्थिती तपासली. मग वाटाघाटी केल्या. दुकानदारांनी वर्णभेदाच्या अपमानकारक पाट्या काढायचं कबूल केलं, थोड्या काढल्या, आणि त्या परत लागल्या. मग आम्ही स्वतःला तपासलं, मार खाऊनही हात उचलणार नाही ना हे बघितलं. त्यानंतर रस्त्यावर उतरलो. आणि तुम्ही म्हणता थांबा! ३४० वर्षांहून जास्त थांबलोय.

इथवर ते युक्तिवाद करतात. मग ते लांब वाक्य सुरू होतं आणि युक्तिवाद संपून वाचणारा त्या आयुष्याच्या आत जाऊन उभा राहतो. इंग्रजीत 'जेव्हा'नं सुरू होणारी उपवाक्यं अर्धविरामांनी एकामागून एक जोडलेली आहेत. जेव्हा जमाव तुमच्या आईवडिलांना ठार करतो. जेव्हा सहा वर्षांची लेक टीव्हीवर जाहिरात बघून करमणूक बागेत न्या म्हणते आणि ती बाग काळ्या मुलांना बंद आहे हे सांगताना तुमची जीभ अडखळते. जेव्हा प्रवासात कुठलंच मोटेल घेत नाही म्हणून रात्रामागून रात्री गाडीत अवघडून झोपावं लागतं...

आपल्याकडे 'जेव्हा' आलं की कान 'तेव्हा'ची वाट बघायला लागतो. मराठीत वाक्य उतरवताना मला ते पहिल्यांदा इतकं स्पष्ट जाणवलं. एकेक 'जेव्हा' येत राहतो, 'तेव्हा' काही लवकर येत नाही. मी पहिल्या मसुद्यात सोयीसाठी त्याची सहा वाक्यं केली होती. वाचायला सोपी झाली आणि जीव गेला. वाचणाऱ्याला थांबायला लावण्यासाठीच ते वाक्य इतकं लांब आहे. 'जरा थांबा' म्हणणाऱ्याला थांबणं काय असतं ते व्याकरणातून भोगायला लावलंय. पुन्हा सगळं एकात गुंफलं.

अडलं ते संबोधनांपाशी. त्या काळी इथे कृष्णवर्णीय माणूस कितीही म्हातारा असो, गोरे त्याला 'बॉय' म्हणत, आणि त्याच्या बायकोला किंवा आईला 'मिसेस' म्हणत नसत. मी 'पोरा' लिहिलं होतं. आई म्हणाली, "नुसतं पोरा नको. 'ए पोरा, इकडे ये रे' असं लिही. सत्तर वर्षांच्या माणसाला अरे-तुरे केल्याचं ऐकू आलं पाहिजे." आणि मिसेसला? श्रीमती सरकारी वाटलं, सौभाग्यवती पत्रिकेतलं. आई चटकन म्हणाली, "बाई. शाळेत चाळीस पोरं मला बाई म्हणायची. तेच काढून घेतलं तर काय राहिलं?"

मग मी तिला मेरी हॅमिल्टन या कृष्णवर्णीय कार्यकर्तीची गोष्ट सांगितली. त्याच वर्षी, इथून फार लांब नसलेल्या गॅड्सडेनच्या न्यायालयात त्या साक्षीला उभ्या होत्या. सरकारी वकील त्यांना नुसतं 'मेरी' म्हणाला. मला नीट संबोधल्याशिवाय उत्तर देणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. न्यायाधीशानं अवमानाचा ठपका ठेवून पाच दिवस कैद आणि पन्नास डॉलर दंड सुनावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. एका 'मिस'साठी! आई बराच वेळ गप्प होती.

नुसत्या पत्रानं हे शहर बदललं असं कुणी म्हणू नये. ते छापून लोकांपर्यंत पोचेस्तोवर इथलं बरंच घडून गेलं होतं. ईस्टरच्या तोंडावर, म्हणजे आपल्याकडे दिवाळीआधीचा बाजार असतो तशा दिवसांत, कृष्णवर्णीय कुटुंबांनी मोठ्या दुकानांतली खरेदी बंद ठेवली. आंदोलनात यायचं तर एका कार्डावर सही करावी लागे. त्यावर दहा नियम होते, आणि त्यातला एक होता मुठीची, जिभेची आणि मनाची हिंसा टाळायची. मूठ आवरता येते. मनाची हिंसासुद्धा टाळायची अट घालणारं आंदोलन मला फार मोठं वाटतं. २ मे रोजी शाळेतली मुलं सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमधून गाणी म्हणत बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी पोलीस आयुक्त बुल कॉनर यानं त्यांच्यावर कुत्रे आणि पाण्याचे बंब सोडले. ती छायाचित्रं जगभर गेली. १० मे रोजी समझोता जाहीर झाला: दुकानांतल्या कपडे घालून बघायच्या खोल्या, पाण्याचे नळ, जेवणाचे काउंटर ठरलेल्या मुदतीत सगळ्यांना खुले. सप्टेंबरमध्ये त्याच चर्चमध्ये बॉम्ब फुटला आणि चार मुली गेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा.

चर्चसमोरच्या केली इन्ग्रम पार्कमधून मी कामावरून परतताना कधीकधी जाते. तिथे पायवाटेच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींतून अंगावर झेपावणारे धातूचे कुत्रे आहेत. मधून चालत जावं लागतं. इतक्या वेळा गेलेय, तरी त्यांच्या दातांपाशी आलं की पाऊल आपोआप आखडतं.

गेल्या रविवारी आईनं पूर्ण झालेलं वाक्य फोनवर मोठ्यानं वाचलं. अर्ध्यात दम लागला. पाणी प्यायली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, कारण मधूनच उचलून चालणार नाही म्हणाली. शेवटच्या 'तेव्हा'पर्यंत पोचली आणि थांबली.

मग म्हणाली, "माझे आजोबा चवदार तळ्याबद्दल हेच म्हणायचे. मागणी रास्त होती, पण घाई केली."

आमच्या घरातल्या कुणाला त्या तळ्यावर कधी कुणी अडवलं नव्हतं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा, मुंबई विधिमंडळातला बोले यांचा ठराव १९२३ चा, महाडच्या नगरपालिकेनंही तसा ठराव केला होता. कागद तयार होते. तरी बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी हजारोंना घेऊन तळ्यावर जावं लागलं, आणि ओंजळभर पाण्याचा दावा उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ उजाडलं.

"सज्जन होते गं आजोबा," आई म्हणाली. "कुणाला वाईट बोलले नाहीत कधी."

मला काही बोलता येईना. तिकडे कागदाची सळसळ ऐकू आली, ती पान उलटून बघत होती.

"एवढंच पाठवलंस? बाकीचं पत्रही पाठव. जरा मोठ्या अक्षरात."