रांग टाळायचा पास: पैसे भरले, स्लॉट मिळाला आणि राइडच बंद पडली

थीम पार्कमध्ये रांग टाळण्यासाठी जादा पैसे मोजावेत का, असं हल्ली मला कुणी विचारलं की मी आधी एवढंच विचारते, तुमच्या पासवर वेळ ठरवून दिलेली आहे का? आमच्या पासवर होती, आणि त्या ठरलेल्या वेळेपायी आमची दुपार वाया गेली. परत येऊन बरेच दिवस झाले, तरी पार्कच्या मदत खिडकीची आठवण निघाली की माझं डोकं तापतं.

सकाळचं सांगण्यासारखं काही नाही. पास मोबाइलवर आला, गेटवर स्कॅन झाला, दोन मोठ्या राइड भरभर झाल्या. नवरा म्हणाला, "पैसे वसूल!" मलाही तसंच वाटत होतं. सोबत आमची मुलगी आणि नणंदेचा मुलगा. दोघांनाही ज्या रोलर कोस्टरचं वेड होतं, तिच्यासाठीच मुळात पास घेतला होता. तिचा स्लॉट मिळाला २:१० ते ३:१०.

आम्ही दोनच्या आधीच तिथे पोहोचलो. तेव्हाच एक गाडी चढावर अर्ध्यात थांबलेली दिसली. मग माणसं कडेच्या जिन्यावरून एकेक करून खाली उतरवली गेली आणि दारावर पाटी लागली, "तांत्रिक कारणामुळे राइड तात्पुरती बंद आहे." यात माझी काही तक्रार नाही. कोस्टरचा रूळ टप्प्याटप्प्यांत विभागलेला असतो, एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडतात, आणि सेन्सरला जराशी शंका आली तरी यंत्रणा सगळं आपोआप थांबवते. तशी ती थांबायलाच हवी. उघड्यावरच्या राइड वीज चमकायला लागली की बंद करतात, जोराचा वारा सुटला तरी बंद करतात. मुलांना घेऊन जाणाऱ्या कुणाचंही यावर दुमत नसेल.

माझा राग त्यानंतरच्या टोलवाटोलवीचा आहे.

दारावरच्या मुलाला विचारलं, कधी सुरू होईल? "सांगता येत नाही." मग आमच्या स्लॉटचं काय? "सुरू झाली की या." आम्ही तिथेच सावलीला उभे राहिलो. दुसरीकडे जावं तर राइड सुरू झाल्याचं कळणार नाही, आणि उभं राहावं तर वेळ जातोय. रांग टाळायला पैसे भरलेली माणसं, आणि आमची रांगसुद्धा नव्हती. रांगेत निदान पाऊल पुढे पडतं. भाचा दर पाच मिनिटांनी विचारायचा, "मामी, झाली का सुरू?"

साडेतीनच्या सुमारास राइड सुरू झाली. आम्ही पासवाल्यांच्या दाराशी पहिल्या काही जणांत होतो. मोबाइल स्कॅनरवर धरला आणि दिवा लाल! पुन्हा धरला, पुन्हा लाल. सकाळी तोच दिवा हिरवा झाल्यावर मुलांनी टाळ्या पिटल्या होत्या. दारावरचा मुलगा म्हणाला, "तुमचा स्लॉट संपलाय."

मी म्हटलं, "संपला खरा, पण त्या तासात राइड बंद होती. तुम्हीच दारावर उभे होतात."

"मॅडम, सिस्टीम घेत नाही. मुख्य गेटजवळच्या मदत खिडकीवर जा."

मुख्य गेट पार्कच्या दुसऱ्या टोकाला! नवऱ्याला मुलांजवळ ठेवून मी एकटी निघाले. खिडकीपाशी रांग होती आणि रांगेतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाइलवर माझ्यासारखाच पास उघडलेला. माझ्या मागे एक आजोबा दोन नातवंडांना घेऊन उभे होते. "दारावरच सोडलं असतं तर काय बिघडलं असतं?" असं ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले, आणि मलाही नेमकं हेच म्हणायचं होतं. राइड बंद होती हे पार्कला ठाऊक, किती वेळ बंद होती हे ठाऊक, त्या तासाचे पास कुणाकुणाकडे आहेत तेही ठाऊक. मग ते पास आपोआप पुढे का सरकत नाहीत? हे करता येत नाही असंही नाही. डिस्नेच्या पार्कमध्ये लायटनिंग लेनच्या, म्हणजे त्यांच्या रांग टाळायच्या पासच्या, वेळेत राइड बंद पडली तर तो पास बहुधा आपोआप बदलतो, आणि नंतर तीच राइड किंवा दिलेल्या यादीतली दुसरी राइड घेता येते. माणसाला खिडकीवर पाठवायची गरजच पडत नाही.

माझा नंबर आला. आतल्या बाईंनी मोबाइल बघितला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "पासचे पैसे परत मिळत नाहीत." मी म्हटलं, "मला पैसे नकोत, राइड हवी आहे." त्या म्हणाल्या, दारावर विचारा. मी म्हटलं, दारावरूनच तुमच्याकडे पाठवलंय. त्यांनी वॉकीटॉकीवर कुणाला तरी विचारलं, पलीकडून उत्तर आलं नाही. "थोडं बाजूला थांबता का?" असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

मी बाजूला झाले नाही. खिडकीसमोरच उभी राहून मोबाइलवर पासच्या अटी उघडल्या. बारीक अक्षरं, कायद्याची भाषा. पण त्यात एक ओळ सापडली. राइड स्लॉटचा पूर्ण वेळ बंद राहिल्यास त्याच दिवशी पर्यायी प्रवेश दिला जाईल. मी ती ओळ त्यांना मोठ्याने वाचून दाखवली, आणि सोबत पाटीचा फोटो. दोन वाजता पाटी लागली तेव्हाच तो मी काढून ठेवला होता, त्यावर वेळ होती. बाईंचा सूर लगेच बदलला. खणातून कूपनांचा गठ्ठा बाहेर आला, त्यावर शिक्का मारून चार कूपनं मला मिळाली. म्हणजे कूपनं छापून तयार होती! मागणाऱ्यालाच द्यायची, एवढाच नियम. वळून मी त्या आजोबांना ती ओळ दाखवली, त्यांनी मागच्यांना दाखवली, आणि मग खिडकीवरची रांग चटचट सरकली. त्या क्षणी मला फार बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

एवढं करून राइडपाशी गेलो तर पासवाल्यांची रांगही दारापासून बाहेर आलेली. बंद तासाचे कूपनवाले, चालू तासाचे पासवाले, सगळे एकत्र. हा हिशेब पास घेण्याआधी समजून घ्यायला हवा. समजा एका गाडीत २४ जण बसतात आणि दर दीड मिनिटाला गाडी सुटते. म्हणजे तासाला ४० गाड्या, ९६० माणसं. पास कितीही विकले तरी हा आकडा वाढत नाही. दोन रांगा जिथे एकत्र येतात तिथे एक कर्मचारी उभा असतो आणि या रांगेतून किती, त्या रांगेतून किती हे तोच ठरवतो. ९६० पैकी ७०० जागा पासवाल्यांना गेल्या की साध्या रांगेला तासाला २६० उरतात. म्हणून साधी रांग लहान दिसूनही पुढे सरकत नाही. आणि बिघाडानंतर निम्म्याच गाड्या धावत असतील तर क्षमताही निम्मी, तेव्हा पासवालेही ताटकळतात. त्या कर्मचाऱ्यावर लोक उगाच ओरडत होते. एकूण जागा वाढवणं त्याच्या हातात नसतं.

अखेर संध्याकाळी राइड झाली. मुलं खूश. मुलगी खाली उतरली आणि म्हणाली, "आई, परत!"

मग जादा पैसे द्यावेत का? माझं स्पष्ट मत आहे की गर्दीच्या दिवशी, एकच दिवस हाताशी असताना, मोठ्या राइडसाठी जरूर द्यावेत. मात्र स्लॉटवाला पास असेल तर महत्त्वाच्या राइडसाठी सकाळचाच स्लॉट घ्यावा. काही बिघडलं तरी उरलेला दिवस हातात असतो. दुपारनंतरचा स्लॉट मी आता घेणार नाही. ठरलेल्या वेळेची अटच नसलेले पासही असतात, उदाहरणार्थ फ्लोरिडातल्या युनिव्हर्सल पार्कचा एक्सप्रेस. केव्हाही जा, एक्सप्रेसच्या दारातून आत शिरा. त्यातही प्रकार दोन, प्रत्येक राइडला एकदाच चालणारा आणि कितीही वेळा चालणारा. कोणता घेतोय ते बघून घ्यावं.

सगळ्याच राइडला पासचा उपयोग होतो असंही नाही. ज्या राइडमध्ये गाड्या न थांबता सतत फिरत असतात, जशी डिस्नेची हाँटेड मॅन्शन, तिथे लांब दिसणारी रांगही बऱ्यापैकी सरकते. उलट डिस्नेचीच पीटर पॅन्स फ्लाइटसारखी राइड लहान मुलांची दिसते, पण तासाला फार माणसं बसत नाहीत, म्हणून तिथली रांग दिवसभर हटत नाही. पास वापरायचा तर अशा ठिकाणी. मोठ्या नाट्यगृहातल्या खेळांना तर पासचा फारसा फायदा नाही, एका वेळी शेकडो लोक आत जातातच.

मला आणखी एक गोष्ट खटकते. डिस्नेने १९९९ साली फास्टपास हा रांग टाळायचा पास आणला तेव्हा तो पार्कच्या तिकिटातच होता, वेगळे पैसे नव्हते. फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या पार्कमध्ये २०२१ मध्ये त्याची जागा पैसे देऊन घ्यायच्या सोयीने घेतली. रांग टाळणं ही आता विकायची वस्तू झाली आहे. मग विकलेली वस्तू बिघडली तर ती बदलून देण्याची जबाबदारीही विकणाऱ्याचीच. आपण खिडकीवर आपल्या हक्काचंच मागत असतो, हे मनात पक्कं असलं की आवाज न चढवताही ठाम उभं राहता येतं.

पैसे न देता काय करता येतं तेही सांगते, कारण आमच्या बाजूच्या कुटुंबाने तेच केलं आणि त्यांच्या जवळपास आमच्याइतक्याच राइड झाल्या. ते गेट उघडायच्या आधी येऊन थांबले होते आणि सगळ्यात गाजलेल्या राइडकडे आधी गेले. पहिल्या तासाभरात रांगा खरंच लहान असतात. मिरवणूक किंवा आतषबाजी सुरू झाली की गर्दी तिकडे वळते, तोही चांगला वेळ. एकट्याने बसायची तयारी असेल तर काही राइडना एकट्यांची वेगळी रांग असते. तीन-तीनच्या ओळीत जागा रिकामी राहिली की त्यांना बसवतात. लहान मूल सोबत असेल तर पालकांनी आळीपाळीने बसायची सोय विचारून घ्यावी. एक जण मुलाजवळ थांबतो, दुसरा राइड करून येतो आणि मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. बऱ्याच मोठ्या पार्कमध्ये ही सोय फुकट असते, पण मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही.

शक्य असेल तर पास आगाऊ न घेता आत गेल्यावर फलकावरच्या रांगेच्या वेळा बघून ठरवावं. सगळीकडे दहा-पंधरा मिनिटंच दिसत असतील तर पासचे पैसे वाचवा. मात्र सुट्टीच्या दिवसांत पास आधीच संपू शकतात, आणि बऱ्याच ठिकाणी गर्दीच्या तारखांना त्यांचा दरही चढा असतो, तेव्हा तिथे थांबून चालत नाही.

पास घेतल्याबरोबर अटींच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. पार्कमध्ये हजारो मोबाइल एकाच वेळी चालू असतात, नेमकं हवं तेव्हा पान उघडत नाही. मोबाइलची बॅटरी संपली तर पासही गेला, म्हणून पॉवर बँक ठेवाच. आणि पैसे भरण्याआधी मुलांची उंची घरीच मोजा. राइडच्या दारावर उंचीची पट्टी असते, पट्टीखाली भरलेल्या मुलाला पास असूनही आत सोडत नाहीत. खिडकीवर माझ्यामागे एक जण याच कारणासाठी उभा होता आणि त्याच्यासाठी अटींमध्ये एकही ओळ नव्हती.